आजची माही चूक

आम्हाला वॉर्डात शिकवणाऱ्या सिस्टर रोज दुपारी चारच्या सुमारास मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये स्वतःची अब्रू काढत. उमरेडच्या एसटीत बसल्या की व्हॉइस मेसेज सुरू. "पोरींनो, आजची माही चूक ऐका." मागे कंडक्टर तिकिटासाठी ओरडतोय, कुणाचं लेकरू रडतंय, आणि वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई सांगतेय की आज सलाइन संपलेलं आपल्याला उशिरा दिसलं. ऐकणाऱ्या आम्ही नर्सिंगच्या चाळीस मुली. आम्ही त्यांचं नाव 'चूकवाल्या सिस्टर' ठेवलं. कळल्यावर म्हणाल्या, "मंग? बरोबरवाली म्हणायले मी काय प्राचार्य आहो?"

सोशल मीडियावर प्राचार्यांचंही शिक्षण जोरात होतं, खोटं कशाला बोलू! हात धुण्याच्या दिवसाचे बावीस फोटो कॉलेजच्या पेजवर झळकले. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांच्या सौभाग्यवतींचा सत्कार. हात धुतानाचा फोटो एकच, आणि त्यातही नळ कोरडा. टाकीत पाणी नव्हतं. लाइक मात्र धो धो.

सिस्टरांच्या ग्रुपचे नियम दोनच. पेशंटचं नाव, चेहरा, खाटेचा नंबर दिसता कामा नये. आणि ग्रुपमधली चूक ग्रुपबाहेर जाता कामा नये. एका मुलीनं नवजात बाळासोबत सेल्फी टाकला, तर पाच मिनिटांत फोन. "काहून वं, त्या बाळाले विचारलं होतं का तू? काढ आधी!" पुढं त्याच मुलीनं ग्रुपवर रडत सांगितलं की गोळी द्यायची राहिली आणि तक्त्यावर 'दिली' असं लिहून आले. सिस्टर रागावल्या नाहीत. "आत्ता वॉर्डात फोन कर, खरं सांग. मंगच जेव." पेशंटला गोळी मिळाली. बावीस फोटोंनी हे कधी केलं नसतं.

मग एके दिवशी सिस्टरांनी सांगितलं, "आज दोन वॉर्ड माह्या एकटीच्या गळ्यात. एकाले त्याच्या शेजारच्याचं नाव घेऊन विचारलं, 'तुम्हीच का?' तो अर्धवट झोपेत 'हो' म्हणाला. सुई टोचणारच होती, तेवढ्यात त्याच्या हातावरचा नावाचा पट्टा मी वाचला. पोरींनो, पेशंटले नाव सांगू नका. त्याले नाव विचारा."

एकोणचाळीस जणी हे जन्मभरासाठी शिकल्या. चाळिसावी मी, क्रांतिकारक! तेव्हा मी कॉलेजच्या फाटकावर नर्सभरतीसाठी पत्रकं वाटत असे. 'दोन वॉर्ड, एक सिस्टर' हा पुरावा आयता हाती आला होता. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापला, वर लाल अक्षरांत 'जवाब द्या!' लिहिलं आणि जगजाहीर केला. सिस्टरांना विचारलं? छे! क्रांतीत कोण विचारतं?

जगानं फक्त 'सुई टोचणारच होती' एवढंच ऐकलं. हाताचा पट्टा माझ्या कात्रीत गेला होता. दवाखान्याच्या व्यवस्थापनानं मात्र तत्परतेनं जवाब दिला. दोन वॉर्डांना एक सिस्टर कमी पडते अशी माझी तक्रार होती, त्यांनी होती ती एक सिस्टरही काढून टाकली. कारण दिलं, 'समाजमाध्यमांचा गैरवापर'. ज्या बाईनं आम्हाला त्यांचा वापर शिकवला, तिच्यावर हा ठपका!

मी बसस्थानकावर धावले. सिस्टर पिशवीत घडी केलेला एप्रन घेऊन उभ्या होत्या. मी मोर्चा, निवेदन, उपोषण, सगळं एका दमात बोलून टाकलं.

"झालं तुहं भाषण?" त्या म्हणाल्या. "माही नोकरी गेली, त्याचं मी पाहून घेईन... अवं, पण आता पोरी चुका लपवतीन. त्याचं काय करशीन?"

बस आली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली.

त्या म्हणाल्या तसंच झालं. ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं उगवू लागली. चुका कुणाच्याच होईनात. चाळीस मुली एका आठवड्यात निर्दोष झाल्या!

आता मी दुसऱ्या दवाखान्यात नर्स आहे. यंदा शिकाऊ मुलींचा ग्रुप काढला आणि पहिल्याच दिवशी 'आजची माझी चूक' म्हणून हे सगळं सांगितलं, कात्रीसकट. दोन दिवस नुसती गुड मॉर्निंगची फुलं आली. तिसऱ्या दिवशी एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. "मॅडम, बाहेर सांगसान नाही ना?"

ती पुढं काय बोलली, ते मी इथं लिहिणार नाही.