पाठीवर बांधलेली पिशवी

सामान भिजलं की प्रवास मोडला, असं माझा मित्र म्हणायचा. आम्ही दोघं नगरला कॉलेजात होतो. त्याचे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक. मी नगर जिल्ह्यातल्याच कर्जतकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. दुष्काळ सरला त्या श्रावणात आम्ही सायकलींवर भंडारदऱ्याला निघालो. आमच्या गावाकडे पाऊस म्हणजे वाट बघायची गोष्ट. त्याच्यापासून काही वाचवावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तयारी सगळी त्याची. खताच्या गोणीच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी असायची, तशा दोन त्याने मिळवून धुतल्या. एकेकीत चादर, कपडे, चिवडा, काडेपेटी. तोंड पिळून, दुमडून, जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून आवळलं. मग पंक्चर बघताना ट्यूब बुडवतात तशा त्या पिशव्या हौदात दाबून धरल्या. एक बुडबुडा आला नाही. त्याच्या पिशवीत वडिलांचा लोकरी कोट होता, न विचारता घेतलेला.

संगमनेरपर्यंत नुसती भुरभुर होती. अकोले गाव सोडलं आणि पाऊस अंगावर धावून आला. थेंब खडे मारल्यासारखे तोंडावर लागत. वारा सायकली आडव्या पाडत होता. मित्र एका वळणावर घसरला, कोपर सोलवटलं, रक्त मनगटापर्यंत ओघळलं. उठला तो आधी कॅरियरवरची पिशवी चाचपायला.

"कोरडी आहे!" तो ओरडला आणि हसला.

पुढे ओढा लागला. त्यावर ठेंगणा पूल, तिकडे त्याला फरशी म्हणतात. फरशीवरून पोटरीभर तांबडं पाणी चाललं होतं. पलीकडे पावसासाठी डोक्यावर पानांचं इरलं घेतलेला एक म्हातारा दोन्ही हात हलवत होता. बोलणं ऐकू येईना.

"बोलावतोय तो," मित्र म्हणाला. "चल. पण पिशव्या कॅरियरवर नकोत, चाकांचं पाणी उडेल."

त्याने पिशवी पाठीवर घेतली आणि छातीवरून ट्यूब फिरवून गाठ मारली. मी माझी नुसती एका खांद्याला अडकवली. सायकली ढकलत आम्ही निघालो.

निम्म्यात आलो आणि पाणी एकदम वाढलं. वरून कुठूनतरी लोंढा आला असावा. माझी सायकल हातातून हिसकली गेली, पायाखालची फरशी गेली, आणि गुडघा दगडावर आपटला. नाकातोंडात माती. पिशवी खांद्यावरून सुटून छातीशी आली होती, तिला मी मिठी मारली. तिने मला तरंगत ठेवलं.

मित्राला मात्र त्याच्या पिशवीने पालथं घातलं होतं. पाठीवर हवा भरलेला तो फुगा. पाठ वर, तोंड पाण्याखाली. पांढरी पिशवी भोपळ्यासारखी डुलत पुढे चालली होती आणि तिच्या खाली त्याचे हात पाणी झोडपत होते.

वळणावर करंजाच्या मुळांत आम्ही दोघं अडकलो. मी त्याचे केस धरून तोंड वर ओढलं. पिशवी परत त्याला खाली दाबे. गाठीला नखं लावली. ओलं रबर, गाठ हलेना. त्याला मी कोण हेही कळत नव्हतं. त्याने माझ्या नाकावर बुक्की मारली, गळा पकडला. मी पिशवीलाच दात लावले. चावलो, ओढलं, परत चावलो. पुढच्या दाताचा तुकडा पडला तेव्हा प्लास्टिक फाटलं. आतली हवा फस्सकन तोंडावर आली, पाणी आत घुसलं आणि तो उताणा झाला.

तेवढ्यात वरून एक हात आला. इरलंवाला म्हातारा मुळांवर पालथा पडून वाकला होता. त्याने कोयत्याने ट्यूब कापली आणि मित्राला बगलेत धरून काठावर ओढलं. माझं मी चढलो. म्हाताऱ्याने त्याला पोटावर पाडून पाठीत गुद्दे घातले. पाणी पडलं, मग रक्तमिश्रित ओकारी. मित्र रडत श्वास घ्यायला लागला. मग म्हातारा माझ्याकडे वळला आणि कानाखाली अशी वाजवली, की मी चिखलात बसलो.

"थांबा म्हनत हुतो, थांबा! डोळं फुटलं व्हतं का? मरायला आमचाच वढा घावला?"



मित्राने डोळे उघडले. "कोट भिजला का?" तो पुटपुटला.

मी त्याच्यावर झेप घेतली आणि हात चालेल तिथं मारलं. तोही मारत होता. म्हाताऱ्याने आम्हाला सोडवलं नाही. दोघंही रडायला लागलो, तेव्हा म्हणाला, "झालं? चला आता घरला."

माझ्या पिशवीतले कोरडे कपडे मित्राला घातले. मी म्हाताऱ्याच्या बायकोचं लुगडं गुंडाळून चुलीपाशी बसलो. नाकातलं रक्त थांबता थांबेना. म्हातारीने हळद लावली. मग भाकरी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं होतं. एक सायकल बाभळीत सापडली, चाक पार वेडंवाकडं झालेलं. दुसरी गेली ती गेलीच. कोटही आखडला, मित्राच्या वडिलांनी तो पुढे कधी घातला नाही.

परतीची एसटी फरशीपलीकडून मिळायची. पाणी घोट्याएवढंच होतं. तरी म्हाताऱ्याने आम्हा दोघांची मनगटं बैलाच्या वेसणीसारखी घट्ट धरून आम्हाला पार नेलं, आणि गाडी येईपर्यंत सोडली नाहीत.