शंभर केळींमधली एक

मोहिनी लहानपणी केळीच्या बागेत उताणी पडायची आणि पानांतून हिरवा उजेड बघता बघता तिथंच झोपून जायची. चोपड्याजवळची ती बाग अजून आहे आणि मोहिनीची सवयही गेलेली नाही. फक्त आता ती धुळ्याच्या एका मेडिकल कॉलेजात डॉक्टरांच्या संशोधनातले आकडे तपासते आणि तपासता तपासता उघड्या डोळ्यांनी बागेत जाऊन येते. आकड्यांचे रकाने डोलायला लागतात, त्यांना पानं फुटतात. टेबलावरचा बिचारा चहा रोज गार होतो.

यंदा तिच्याकडे लकव्याचा अभ्यास आला होता. रक्तदाबाची एक गोळी रोज घेतली तर लकवा कमी होतो का, एवढंच बघायचं होतं. तिचे वडील लकव्यानंच गेले होते आणि आई सुगंधाबाई हीच गोळी घेत होत्या. उत्तर आलं तेव्हा मोहिनी हरखून गेली. विभागप्रमुख पारस सरांनी शोधनिबंधात पहिलंच वाक्य घातलं, 'धोका निम्म्याने कमी.'

"निम्मा म्हटलं की वाचणारा थांबतो," ते म्हणाले.

मोहिनी तर इतकी थांबली की पुढचे आकडे विसरून तिनं आईला फोन करून तेवढंच वाक्य सांगितलं.

आठवड्याभरात सुगंधाबाई बागेत चक्कर येऊन पडल्या. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं तर प्रेशर पार खाली गेलेलं. मोहिनी धावतपळत पोचली तेव्हा आई खाटेवर बसून निवांत सांगत होती, "एक गोळीम्हा निम्मा धोका जास ना? मंग दोन खाद्यात ते बठ्ठाच जाई!"

केळीवरचा करपा पहिल्या फवारणीत अर्धा गेला की त्या दुसरी मारायच्या. सगळाच धोका जावा म्हणून गोळीलाही त्यांनी तोच न्याय लावून रोज दोन घेतल्या होत्या. मोहिनीला आधी हसू आलं, मग रडू, मग स्वतःचाच भयंकर राग आला.

आईला बरं वाटल्यावर मोहिनी तिला बागेत घेऊन गेली आणि तिच्याच बोलीत समजावत बसली. अशा शंभर केळी धर. पाच वर्षांत त्यातल्या चार वाऱ्यानं पडायच्या, टेका दिला तर दोन पडतात. म्हणून निम्म्या. तोही अंदाजच. कदाचित एकच पडेल, कदाचित टेक्याचा फारसा उपयोगही होणार नाही. आणि दोन टेके लावले तर काय होतं, ते आम्ही बघितलेलंच नाही.

बोलता बोलता तिला वाक्य सापडलं. तिनं ते तिथंच मोबाइलवर लिहून सरांना धाडलं. 'पाच वर्षांत शंभरातल्या चौघांऐवजी दोघांना लकवा झाला. खरा फरक याहून मोठा किंवा अगदी नगण्यही असू शकतो.' थोड्या वेळानं उत्तर आलं, 'जरा पाणचट झालं. पण राहू दे. माझी आईही हीच गोळी घेते.'

सुगंधाबाई केळींकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "त्या पडनाऱ्या दोनम्हा मी शे का?"

मोहिनीनं वर पाहिलं. वारा सुटला होता, सगळी बाग एकदम हलत होती आणि आईचं हिरवं लुगडं त्यात मिसळून गेलं होतं.

"ते आकड्यांतून नाही कळत, माय."

"मंग रोज फोन करत जाय," सुगंधाबाई म्हणाल्या.