सोमवारचे बटण

तिसऱ्या वर्षाच्या हार्डवेअर लॅबमध्ये प्रकल्प निवडायची वेळ आली, तेव्हा आमच्या अख्ख्या वर्गाने आधीच सुटलेले प्रश्न पुन्हा सोडवायचे ठरवले. काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी, हात पुढे केला की उघडणारी कचऱ्याची बादली. ही गाडी आमच्या कॉलेजात वारसाहक्काने चालते. एका बॅचकडून दुसरीकडे येताना फक्त तिचा रंग बदलतो.

माझी जोडीदारीण गोव्यातल्याच मये गावची. तिच्या घरचे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, म्हणून तिला झाडांना आपोआप पाणी देणारे यंत्र करायचे होते. मी म्हटले, तुझे बाबा खोऱ्याने चिखलाचा गोळा बाजूला सारतात आणि पाटाचे पाणी वळते, तिथे आपले सर्किट काय दिवे लावणार? ती पुढचे दोन तास माझ्याशी बोलली नाही. माझ्या जिभेला हाड नाही, हे तिला तोवर कळायला हवे होते.

सरांनी मात्र सगळ्यांचीच पंचाईत केली. ते म्हणाले, "प्रकल्प कुणाला हवा आहे तो माणूस मला दाखवा. माणूस नसेल तर प्रकल्प नाही."

माणूस आमच्याच स्वयंपाकघरात होता, पण ते उघड बोलायची सोय नव्हती.

जोडीदारीण रुसवा सोडून शनिवारी आमच्याकडे पेडण्याला राहायला आली. रविवारी सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला. सायकलवर पावांची टोपली, हँडलला रबरी भोंगा, आणि दारात आल्यावर पों-पों, पों-पों. आई चुलीपाशी पाठमोरी उभी होती. भोंगा वाजला, थांबला, पुढच्या वाड्याकडे गेला. थोड्या वेळाने आईने विचारले, आज पोदेर आला नाही का? बाबा म्हणाले, हल्ली तो फारच हळू वाजवतो. मी म्हटले, हो ना. पाहुणी आ वासून बघत राहिली, कारण त्या भोंग्याने मांजरसुद्धा माळ्यावर पळाले होते.

आईचे कान गेले होते आणि आमचे घर पोदेराला बदनाम करत होते. म्हापशाच्या डॉक्टरचे नाव एकदा काढले, तेव्हा आई म्हणाली होती, "माजे कान तुमच्यापरास तिखट आसत." पुन्हा नाव काढायची हिंमत कुणाला झाली नाही. पण पाव चुकला की तिचा दिवसच बिघडायचा. पाव तिला फारसा आवडतही नाही. तिला गेटीवर, म्हणजे फाटकाशी, उभे राहून गोल उंडा पाव बोटाने दाबायचा असतो, कालचा आहे म्हणून भांडायचे असते आणि भांडता भांडता साऱ्या गावाची खबर घ्यायची असते. ती हळूहळू त्या गेटीवरून कमी होत चालली होती, आणि ते बघून माझा जीव तुटायचा.

त्याच दिवशी आमचा प्रकल्प ठरला. मायक्रोफोन भोंगा ऐकणार, सर्किट बाकीचे आवाज गाळणार आणि स्वयंपाकघरात दिवा पेटणार. सरांनी ऐकून घेतले आणि विचारले, गेटीला पिशवी का टांगत नाही? सगळा गोवा टांगतो, पोदेर पाव टाकून जातो. मी म्हटले, सर, पिशवीला भांडता येत नाही. सरांनी सही केली.

आईला सांगितले, माझ्या मार्कांसाठी तुला हे वापरून बघावे लागेल. तीही म्हणाली, मार्कांसाठी असेल तर करते बापडी. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात आम्ही मायलेकी एकाच शाळेच्या.

आम्ही पोदेराला पुन्हा पुन्हा भोंगा वाजवायला लावून तो रेकॉर्ड केला. दिवा ओट्याच्या वर लावला. पहिल्या सकाळी तो पेटला, आई पदर सावरत गेटीवर गेली आणि भरपूर वेळाने परत आली. मी लगेच जोडीदारणीला फोन लावला आणि आम्ही दोघींनी मोबाइलवरच टाळ्या दिल्या.

पुढच्या सोमवारी घोळ झाला. भोंगा पोदेराचाच असतो असे आम्ही धरून चाललो होतो. गावात जन्म काढून मला आठवले नाही की स्कूटरवरून येणारा मासळीवालाही तोच रबरी भोंगा वाजवतो. दिवा पेटला, आई गेली. शिवाचा वार, कडक उपास, आणि समोर उघडी टोपली. वर शेजारीण गेटीवरून बघत होती. आई आत आली ती दिव्याकडे बोट करतच.

"ह्या दिव्यान माका सोमाराच्या दिसा बांगड्यांफुडे उबी केल्यान."

मासळीवाला भोंगा एकच लांब दाबतो, पोदेर तुटक वाजवतो. तो फरक आम्ही सर्किटला शिकवला. वाटले, आता मासळी गाळून टाकू. पण आईने हरकत घेतली. मासळी गाळायला हे काय मठ आहे? तिला मासळीसाठी वेगळा लाल दिवा हवा होता, आणि तो सोमवारी बंद ठेवायला एक बटण. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बटणावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारले. जोडीदारीण गंभीरपणे म्हणाली, सोमवार. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते पुढच्या प्रकल्पाकडे वळले. मार्क चांगले मिळाले.

लॅबचा नियम असा की स्टोअरमधून घेतलेले सुटे भाग परत करायचे. शनिवारी दुपारी मी स्टुलावर चढून दिव्याची पट्टी सोडवायला लागले. बाबा खाली स्टूल धरून उभे होते. आई डाव हातात घेऊन बघत होती. मी म्हटले, झाले तुझे काम, सुटलीस. ती हसली नाही.

"मगे पोदेर इलो तर माका कसा कळतला?"

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. बाबांनी स्टूल सोडून दिले, मी पडता पडता वाचले. इतके दिवस आम्ही तिघांनी मिळून जे झाकले होते, ते तिने डावाने ढवळल्यासारखे सहज वर आणले. माझे डोळे भरून आले. मी वळून स्क्रू पुन्हा घट्ट करायला घेतला. लॅबला नवे भाग आणून देता येतील.

बाबांनी जरा खाकरून सोमवारी म्हापशाला डॉक्टरकडे जाऊ या असे म्हटले, आणि ओरडा खायची तयारी ठेवली. आईने डाव खाली ठेवला.

"येतंय," ती म्हणाली. "पण पोदेर येवन गेलो काय मगे जावया."