ओहोटी नसलेल्या समुद्रात नारळ

नारळी पौर्णिमेला बाबा होडीची पूजा करतात, आई नेरूळमधल्या सारसोळ्याच्या जेट्टीवरून खाडीत नारळ टाकते आणि मगच आमची होडी मासेमारीला निघते. त्यांचं लग्न झाल्यापासून यात कधी खंड पडलेला नव्हता. तो पाडला मी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं डेन्मार्कमधल्या एका बंदराच्या गावी होतो, आणि आईला तीन महिन्यांसाठी तिकडे बोलावताना पौर्णिमा मध्येच येते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आईच्या मात्र आलं होतं. तिच्या बॅगेत घरच्या मसाल्याखाली सोनेरी कागदाची सुरळी निघाली.

बाबा फोनवर आईला म्हणाले, "तुजा नारल पान्यात पडल्याबिगर माजी होडी नाय निंगायची."

"अहो, या वर्षी काकू टाकेल की," मी म्हटलं.

"काकूचा नारल काकाच्या होडीला. मना नको सांगू."

दोघांपैकी जास्त हट्टी कोण, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

तिकडच्या दुकानात नारळ मिळाला, पण तासून गुळगुळीत केलेला. "याची शेंडी कुनी कापली?" आईने असं विचारलं, की जणू मीच कापली होती. शेवटी बाजाराच्या तागाच्या पिशवीचे दोरे उसवून त्याला शेंडी बांधली, वर सोनेरी कागद चढवला. नारळ नवरदेवासारखा सजला.

पौर्णिमेला सकाळी दहा वाजता आम्ही तिघी धक्क्यावर पोचलो. आईने हिरवी साडी नेसून वर माझं जाड जॅकेट घातलं होतं. माझी सात वर्षांची मुलगी बिस्किटांचा पुडा घेऊन. आई बाकावर बसली आणि समोरच्या लाकडी खांबावर नजर लावून म्हणाली, "पानी उतराय लागलं का टाकू."

आमच्याकडे नारळ ओहोटीलाच टाकतात. चढत्या पाण्यात टाकला तर तो परत काठाला लागतो, म्हणजे दर्याने घेतला नाही, असं आई मानते. आणि जो घेतला नाही, त्याच्या जिवावर ती बाबांना पाण्यात पाठवणार नव्हती.

तास गेला. बिस्किटं संपली. खांबावरचं हिरवं शेवाळ जिथल्या तिथे.

दीड तासाने माझं डोकं सटकलं. "आई, टाक ना आता! घरी भात लावायचाय मला."

"उतरंल. दर्या हाय तो, नळ नाय तुजा."

शेवटी मी मोबाईलवर शोधलं. त्या बाजूच्या समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. पाणी बोटभर चढतं, बोटभर उतरतं. आणि आम्ही खाडीकाठची माणसं दीड तास ते उतरण्याची वाट बघत होतो.

आईला सांगितलं तर तिने खांबावरची नजर काढून धक्क्यावरच्या बोटींकडे वळवली. मग म्हणाली, "मंग यांना कलतं कसं, कवा निंगायचं ते?"

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मागे जेट्टी रिकामी दिसत होती. "बाकीच्या होड्या गेल्या गो. अजून तासभर पानी हाय, मंग आपली होडी चिखलात बसंल." आईचा चेहरा एवढासा झाला. मला तिकीट काढल्याचा त्या दिवशी खरंच पश्चात्ताप झाला.

जवळच एक म्हातारे गृहस्थ आपल्या छोट्या बोटीत बसून जाळं शिवत होते. दीड तास ते आमचा तमाशा बघत होते. त्यांनी माझ्या मुलीला काहीतरी विचारलं. शाळेमुळे तिला तिथली भाषा फडाफडा येते. तिने उत्तर दिलं आणि आम्हाला मराठीत सांगितलं, "मी म्हटलं, आजीला समुद्राला नारळ द्यायचाय, पण तो परत करेल म्हणून ती घाबरते. ते म्हणतात, त्या दगडी बांधापलीकडे पाणी बाहेर ओढतं. बोटीत बसा, नेतो."

आईने माझा हात घट्ट धरला. कोळ्याची बायको असून ती होडीत बसत नाही. लग्नानंतर एकदाच बसली होती, पोटातलं सगळं बाहेर आलं आणि अख्खी जेट्टी हसली. तेव्हापासून बाबांनी शंभरदा बोलावलं असेल, ती गेली नाही.

तिने फोनमधल्या बाबांकडे पाहिलं, नारळ पोटाशी धरला आणि उठली.

बोट निघाली. आईचे डोळे गच्च मिटलेले. मी फोन तिच्यासमोर धरला तर बाबा ओरडलेच, "अगो! माज्या होडीत बस म्हनून घसा सुकला माजा, आनि परक्याच्या होडीत बसलीस?"

"तुमच्याच होडीसाठी बसलंय! गप ऱ्हावा!"

बांध ओलांडला तसे तिने डोळे उघडले, हात जोडले आणि नारळ टाकला. तो बुडाला, वर आला आणि तागाची शेंडी हलवत दूर दूर जायला लागला. परत फिरला नाही. म्हाताऱ्यांनी टोपी काढली. फोनमधून आमच्या होडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि आम्ही तिघी वेड्यासारख्या टाळ्या वाजवायला लागलो. मला रडू येत होतं, तेही आनंदाचं.

"सांबालून जावा," आई फोनमध्ये म्हणाली. मग माझ्या मुलीला कोपराने ढोसून, "त्यांना म्हनावं, अजून एक चक्कर मारा."

आता आम्ही परत नेरूळला आलोय. या पौर्णिमेला पूजा झाल्यावर मी सवयीने आईसाठी जेट्टीच्या टोकाशी जागा धरली. ती नारळ घेऊन आली आणि माझ्या शेजारून सरळ होडीकडे गेली. बाबा कुणाला काही बोलले नव्हते, पण होडीच्या फळीवर आमच्या घरातल्या सोफ्याची गादी आधीच घातलेली होती. आई तिच्यावर ऐसपैस बसली.

"चला," ती बाबांना म्हणाली, "पानी उतरतंय."