ताईच्या बोटांवरचा काटा

कालवं फोडतानाचा खारट वास आला, की घणसोलीच्या खाडीवरची, इथे शहर नव्हतं तेव्हाची सकाळ आठवते. मस्तीत फिरवलेला माझा कोयता ताईच्या मनगटाला लागला आणि बोटं बधिर झाली. "कालवाची शिंप लागली," तिने सगळ्यांना सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांनी बोटांना जाणीव देणारी तुटलेली नस शिवून तिच्याच पायातल्या शिरेच्या तुकड्यात गुंडाळली. नस जुळेल, वेष्टन अंगातच मिसळून जाईल, म्हणाले. मग जाणीव परतली का पाहायला रोज ती डोळे मिटून हात पुढे करी आणि मी बोटांना माशाचा काटा टोचायचो. एकदा मी टोचलंच नाही, तरी म्हणाली, "लागला रं!" माझ्यासाठीच खोटं बोलली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काटा घेऊन बसलो, मग रोजच. पावसाळा सरल्यावर एकदा ती किंचाळली, "मेल्या, हलू टोच!" घरचे अजून शिंपच समजतात. कोयता होता, माझा.