आधी फोन ठेवायचा नाही

माझी थोरली बहीण बावीस वर्षं गॅस कंपनीच्या तक्रारींचे फोन घेते. लोकांच्या शिव्या ऐकून तिचे कान किटलेत. पण समोरच्याच्या आधी फोन ठेवायचा नाही, हा तिथला नियम तिच्या अंगात इतका मुरलाय, की घरी राँग नंबर आला तरी ती ताटकळत बसते.

परवा रविवारी दुपारी आम्ही दोघी आडव्या झालो होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं स्पीकरवर घेतला. तिनं थोडी बचत एका ऑनलाइन कंपनीमार्फत क्रिप्टोत घातली आहे. त्याच कंपनीच्या मदत केंद्रातून बोलतोय, असं तो माणूस म्हणाला. "मॅडम, तुमच्या खात्यात कुणीतरी घुसलंय. पैसे वाचवायचे असतील तर खातं उघडायचे तुमचे बारा गुप्त शब्द लगेच सांगा."

फोन ठेव, म्हणून मी हातानं खुणावलं. ती ठेवेना! शब्द एकही सांगितला नाही, पण अर्धा तास नुसती "हं, हं" करत राहिली. माझं डोकं फिरलं. त्याच्या जिभेवर मात्र साखर होती. "घाबरू नका मॅडम. काम होईपर्यंत मी लाइन सोडणार नाही."

ताईनं डोळे मिटले. "दादा, लोक तक्रार करून करून थकतात, तरी आम्ही उलटून फोन करत नाही. तुम्ही तर न मागता केलात. तेव्हाच ओळखलं मी."

फोन तिकडूनच कट झाला.

"ओळखलं होतंस, तर अर्धा तास ऐकत कशाला बसलीस?" मी भडकले.

"अगं," ताई कूस वळवत म्हणाली, "आज सुट्टी आहे, हे विसरलेच."