आत्तीनं वाडी खाली आणली

आमच्या आत्तीनं हाक मारली, की डोंगराखालच्या शाळेतली पोरं पाढे थांबवून वर बघत. सगळ्या भुदरगडात असा आवाज दुसरा नसेल. फक्त एका माणसापुढं तो बंद व्हायचा. थोरले दीर, म्हणजे आबा, समोर आले की ती डोक्यावर पदर ओढून गप्प उभी राहायची. त्यांच्याशी ती जन्मात बोलली नाही.

तिची वाडी ऐन उतारावर. वरच्या अंगाला जमिनीला भेगा पडल्या, तेव्हापासून दर पावसाळ्याआधी नोटीस यायची, की खाली शाळेत राहायला या. माणसं माना डोलवायची आणि घरातच राहायची. म्हशी कुठं बांधायच्या, हे नोटिशीत नसायचं.

आत्ती महिला दूध संस्थेची चेअरमन होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, सगळा जीव त्या संस्थेत. एका उन्हाळ्यात तिनं शाळेमागं पत्र्याचा मोठा गोठा उभा केला आणि सांगून टाकलं, की पावसाळाभर दूध खालीच घेणार. बाप्ये माणसं चवताळली. ती म्हणाली, "डोंगर कवा यील मला ठावं न्हाय. पर दूध घालाय तुमी दोन टायम येताय, एवढं ठावं हाय की."

चिखलातून किटल्या वाहून माणसं वैतागली आणि म्हशीच खाली घेऊन आली. म्हशींमागं चुली आल्या, मग म्हातारीकोतारीही आली. हे सांगताना माझी छाती आजही फुगते.

आबा तेवढे वर राहिले. त्यांची म्हैस भाकड, मग खाली कशाला यायचं? आणि आत्ती त्यांना समजावणार कशी? पावसानं भेगा रुंदावल्या, तशी एका दुपारी ती वर गेली, पदर सावरला आणि अवाक्षर न बोलता त्यांची म्हैस सोडून उताराला लागली. आबा शिव्या देत मागोमाग थेट शाळेपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर घसरला. आबांचं घर गाडलं गेलं, आत्तीचंही. माणूस मात्र एकही गेलं नाही.

आबांनी यावर कधी चकार शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी आत्ती गेली. अग्नी कुणी द्यायचा यावर भावकीत बराच खल झाला आणि शेवटी मडकं माझ्या, म्हणजे माहेरच्या भाच्याच्या, हाती आलं. आबा पुढं आले आणि त्यांनी ते माझ्याकडून घेतलं. थोरल्या दिरानं भावजयीचं करायचं नसतं, असं कुणीतरी म्हणालं.

"तिनं मला खाली आणलं," आबा म्हणाले. "आता तिला मी पोचवतो."